नकाशात नसलेला मजला

आम्हाला मनापासून आवडलेल्या रो-हाउसच्या मंजूर नकाशात दुसरा मजला नव्हता. प्रत्यक्षात तो होता. त्यात दोन प्रशस्त खोल्या, न्हाणीघर आणि टेकडीच्या बाजूला उघडणारी छोटी गच्ची होती, आणि खरे सांगायचे तर त्या मजल्यामुळेच ते घर आम्हाला हवेसे वाटले होते. नकाशात मात्र तळमजला, पहिला मजला आणि त्यावर मोकळी गच्ची एवढेच दाखवलेले होते. शिवाय ओळीतले ते शेवटचे घर असल्यामुळे त्याच्या एका बाजूला सोडलेले सामासिक अंतर, म्हणजे सगळे ज्याला साइड मार्जिन म्हणतात ती मोकळी पट्टी, भिंत घालून आणि वर स्लॅब टाकून स्वयंपाकघरात घेतलेली होती. घराचा जवळजवळ चाळीस टक्के भाग अशा रीतीने जमिनीवर होता आणि कागदावर नव्हता.

हे घर पुणे महापालिकेत गेल्या काही वर्षांत समाविष्ट झालेल्या एका गावात होते. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावे आली आणि २०२१ मध्ये आणखी २३ आली. या गावांतल्या बांधकामांचा इतिहास एका कचेरीत सापडत नाही. काही कागद ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात असतात, काही जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाकडे, २०१५ नंतरचे पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि त्यानंतरचे महापालिकेच्या बांधकाम विभागात. त्यामुळे ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ हे वाक्य या पट्ट्यात घर पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडते. ग्रामपंचायतीचा अधिकार गावठाणापुरता असतो. गावठाणाबाहेरच्या, बिगरशेती केलेल्या जमिनीवरच्या वसाहतीतले बांधकाम तिच्या शिक्क्याने अधिकृत होत नाही. आम्ही पाहिलेली वसाहत गावठाणाबाहेरची होती. तिचा मूळ रेखांकन-नकाशा रीतसर मंजूर झालेला होता, एनएचा, म्हणजे बिगरशेतीचा, आदेश होता, मूळ तळमजला आणि पहिला मजला यांना पूर्णत्वाचा दाखलाही मिळालेला होता. म्हणजे सुरुवात स्वच्छ होती. गुंता पुढच्या काळात झाला होता.

घराचे मालक निवृत्त गृहस्थ होते. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो आणि त्यांच्या पत्नीला काकू, कारण दुसऱ्या भेटीपासून चहाबरोबर घरच्या चकल्या येऊ लागल्या आणि ‘साहेब’ म्हणणे अवघड झाले. मुलाच्या लग्नाच्या आधी त्यांनी वरचा मजला चढवला होता. वसाहतीतल्या आणखी काही जणांनी तेच केले होते. त्यासाठी परवानगी काढावी असे त्यांना सुचले नव्हते असे नाही. त्यांनी चौकशी केली होती, तेव्हा कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा यावरच एकमत होईना आणि लग्नाची तारीख तर जवळ आलेली. ठेकेदार म्हणाला, ‘काका, आपल्याच घरावर आपण बांधतोय, कोण विचारणार?’ आणि खरोखरच कोणी विचारले नाही. मुलगा पुढे परदेशी गेला, वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, काकूंना जिने चढवेनात, म्हणून घर विकायला निघाले. या हकिकतीत लबाडी कुठेही नाही, आणि म्हणूनच मला हा प्रश्न इतका महत्त्वाचा वाटतो. लबाड माणसापासून सावध राहणे तुलनेने सोपे असते; सज्जन माणसाच्या आवडत्या घरापुढे उभे राहून ‘याचा परवाना दाखवा’ म्हणणे फार जड जाते.

काकांनी त्यांची फाइल आमच्यापुढे ठेवली, तेव्हा ती भरगच्च होती. खरेदीखत, सूची क्रमांक दोन (दस्तनोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू), दरवर्षीच्या घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, नळजोडणीची कागदपत्रे, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, सगळे तारीखवार लावलेले. ‘एवढं सगळं आहे, अजून काय पाहिजे?’ असे त्यांनी मोकळेपणाने विचारले. त्यातला एकेक कागद नेमके काय सिद्ध करतो हे त्या वेळी आम्हाला शांतपणे समजून घ्यावे लागले, आणि बहुतेक खरेदीदार फसतात ते इथेच असे माझे मत झाले आहे. दस्त नोंदला जातो म्हणजे दोन पक्षांत व्यवहार झाला याची सरकारदरबारी नोंद होते. बांधकाम नियमाप्रमाणे आहे की नाही हे दुय्यम निबंधक तपासत नाहीत. वीजजोडणी त्या जागेत वीज वापरली जाते एवढेच सांगते. घरपट्टीचा तर अनधिकृत बांधकामाशी उघड संसार आहे. महापालिका अधिनियमात अशा बांधकामावर दुप्पट कर लावण्याची तरतूद होती आणि तो कर भरल्याने बांधकाम नियमित झाले असे मानले जाणार नाही, हेही त्याच तरतुदीत लिहिलेले होते. पिंपरी-चिंचवडमध्ये याच शास्तीकराने वर्षानुवर्षे निवडणुका ढवळून काढल्या आणि शेवटी २०२३ मध्ये शासनाने तो माफ केला. कर माफ झाला. घरे अनधिकृतच राहिली.

मग तो जो कागद हवा असतो, तो कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर ‘कायद्यात लिहिले आहे म्हणून’ असे दिले, की माणसे त्याला सरकारी छळ समजतात, आणि त्यांचा अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण परवानगीची साखळी एकदा नीट पाहिली की तिचे स्वरूप लक्षात येते. आधी वास्तुविशारद नकाशा करतो आणि त्यावर सही करतो. संरचना अभियंता पाया, खांब आणि तुळया यांचा हिशेब करून सही करतो. नियोजन प्राधिकरण दोन्ही तपासून प्रारंभ प्रमाणपत्र देते. जोत्यापर्यंत काम आले की इमारत नकाशाप्रमाणेच उभी राहते आहे ना हे पाहून जोते तपासणीचा दाखला मिळतो. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे लोक ज्याला ओसी म्हणतात ते. प्रत्येक टप्प्यावर एका नावाच्या, एका परवाना क्रमांकाच्या माणसाने ‘मी पाहिले आहे’ असे लिहून दिलेले असते. यंत्रणेत भ्रष्टाचार आहे, न पाहता सह्या होतात, हे मला ठाऊक आहे. तरीही उद्या भिंतीला तडा गेला, तर कोणाला विचारायचे हे त्या कागदावरून कळते. काकांच्या दुसऱ्या मजल्याबद्दल असे विचारण्याजोगे कोणीच नव्हते. ठेकेदार आता त्या व्यवसायात नव्हता, नकाशा कधी काढलाच नव्हता, आणि सळ्या किती जाडीच्या, किती अंतरावर टाकल्या हे काकांना आठवत नव्हते. आठवण्याचे कारणही नव्हते. ते बँकेत नोकरी करणारे गृहस्थ होते, त्यांनी ठेकेदारावर विश्वास टाकला होता.

आम्ही ओळखीच्या एका संरचना अभियंत्याला घर दाखवायला नेले. त्याने वर जाण्याआधी तळमजल्यावरच्या खांबांची मापे घेतली, पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारले, आणि मग जिन्यावर बसून आम्हाला एक साधा हिशेब करून दाखवला. काँक्रीटचा एक घनमीटर साधारण अडीच टनांचा असतो. सहाशे चौरस फुटांची पाच इंच जाडीची स्लॅब टाकली, तर तिच्या एकटीच्याच वजनाने सतरा टनांपेक्षा जास्त भार खाली येतो. त्यावर विटांच्या भिंती, गिलावा, फरशी, माणसे, कपाटे. आणि हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन. ‘हे सगळं ज्या पायावर उतरतंय,’ तो म्हणाला, ‘तो पाया एक मजला कमी धरून काढलाय. त्यात तेवढी ताकद शिल्लक असेलही. जुने लोक पुष्कळदा जास्तीचं लोखंड टाकायचे. पण असेल हे मी म्हणू शकतो, आहे हे म्हणायचं तर मला दोन ठिकाणी फुटिंग उघडून बघावं लागेल.’ काका तेव्हा आमच्या शेजारीच उभे होते. ज्या घरात ते रोज झोपत होते त्याच्याबद्दल हे ऐकताना त्यांचा चेहरा उतरला, आणि माझ्या मनात पहिल्यांदा असे आले की हा कागद खरेदीदाराला जेवढा हवा असतो त्याहून अधिक तो आत राहणाऱ्याला हवा असतो.

मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. काम चालू होते, वरचे मजले चढत होते, आणि खाली कुटुंबे राहायला आणलेली होती. विरारमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला; तीही परवानगी नसलेली इमारत होती आणि लोक तिथे दहा वर्षांहून अधिक काळ राहत होते. काकांचे घर आणि या इमारती यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल, हे मी जाणते. एका घरावर चढवलेला एक मजला आणि लोभापायी उभी केलेली चाळवजा इमारत यांत फार अंतर आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: भार किती आणि पाया किती, हा प्रश्न कोणीही जबाबदारीने विचारलेला नसतो. विरारच्या इमारतीत राहणाऱ्यांनी दहा-बारा पावसाळे काढले होते. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरले जाणारे प्रमाणपत्र आहे, आणि त्यावर कोणाचीही सही नसते.

कर्जासाठी आम्ही बँकेकडे गेलो, तेव्हा बँकेच्या मूल्यांकनकाराने मंजूर नकाशा मागितला, घरी येऊन मापे घेतली आणि अहवालात दुसरा मजला व बाजूचे वाढीव स्वयंपाकघर मूल्यांकनातून वगळले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के अशी वरची मर्यादा असते. ही टक्केवारी बँकेने मान्य केलेल्या किमतीवर चालते, आणि बँकेने मान्य केलेली किंमत काकांच्या अपेक्षेहून पुष्कळ कमी आली. मधली तफावत कशी भरायची यावर एजंटकडे तयार तोडगा होता. खरेदीखतात मंजूर नकाशाइतकेच क्षेत्रफळ लिहायचे, तेवढ्यावरच मुद्रांक शुल्क भरायचे आणि वरच्या मजल्याची किंमत ‘वरच्या वर’ रोखीने द्यायची. त्याने हे इतक्या सहजपणे सांगितले, की त्याच्या दृष्टीने ती व्यवहाराची नेहमीचीच रीत होती हे स्पष्ट दिसत होते.

या तोडग्याचा अर्थ मी त्या रात्री बराच वेळ उलगडत बसले. ज्या मजल्याला परवानगी नाही, तो दस्तात लिहिता येत नाही. जो दस्तात लिहिता येत नाही, त्याचे पैसे पावतीशिवाय द्यावे लागतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्याला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे, तेव्हा एका बेकायदा गोष्टीला दुसरी चिकटते. उद्या आपण ते घर विकायला काढले, तर आपण मोजलेली खरी किंमत कोठेच नोंदलेली नसते, म्हणून पुढच्या खरेदीदारालाही आपण तीच रोख मागणार. परवानगीचा एक न काढलेला कागद अशा रीतीने मालकामागून मालक बदलत जातो आणि प्रत्येक हस्तांतरणात त्याच्याभोवती नवे खोटे साचत जाते. घर जुने होते. खोटे मात्र दर विक्रीला ताजे होते. एजंट ज्याला स्वस्तात मिळणारा मजला म्हणत होता, तो खरे पाहता दुसऱ्याची राहिलेली जबाबदारी आम्ही पैसे मोजून आपल्या नावावर करून घेणे होते.

कायद्याची भाषाही तेच सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस निघते, तेव्हा ती मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे त्या वेळी घर ज्याच्याकडे आहे त्याला मिळते. बांधले कोणी हा प्रश्न तेव्हा गौण ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात दिलेल्या निकालात स्पष्ट केले, की बराच काळ लोटला किंवा अधिकाऱ्यांनी काणाडोळा केला, एवढ्यावर अनधिकृत बांधकाम कायदेशीर ठरू शकत नाही. आणि बँकांनीही पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय इमारत तारण म्हणून घेऊ नये. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतल्या रहिवाशांनी तर १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतींत आयुष्याची उमेद घालवली होती. २०१३ मध्ये न्यायालयाने पाचव्या मजल्याच्या वर चढवलेले बेकायदा मजले पाडण्याला हिरवा कंदील दिला, तेव्हा तिथे राहणाऱ्या अनेकांनी पूर्ण किंमत मोजून, नोंदणी करून घरे घेतलेली होती. त्यांच्या बाजूने सहानुभूती होती, वर्तमानपत्रे होती, राजकीय पक्ष होते. नकाशा मात्र त्यांच्या बाजूने नव्हता.

दुसऱ्या बाजूला मुंबईच्याच समृद्धी सोसायटीचा निकाल आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. तिथे सदस्यांनी १९९७ मध्ये ताबा घेतला होता आणि बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र कधीच मिळवून दिले नाही. त्यामुळे सोसायटीला वर्षानुवर्षे मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हे प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहणारी असल्यामुळे मुदत उलटून गेल्याचा बचाव बिल्डरला घेता येणार नाही. मात्र या निकालाचा आधार बिल्डरकडून घेतलेल्या घराला आहे. काकांसारख्या घरमालकाने स्वतः चढवलेल्या मजल्याबाबत खरेदीदाराने कोणाकडे दाद मागायची? महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण, त्यात येत नाही, ग्राहक आयोगापुढे सेवा देणारा कोणी नाही. राहतो तो काकांवर दिवाणी दावा, आणि ज्यांच्या घरच्या चकल्या खाल्ल्या त्यांच्यावर, सत्तरीत, दावा लावण्याची कल्पना मला सहन होत नव्हती.

‘सगळीकडे असंच असतं’ हे वाक्य आम्ही त्या काळात नातेवाइकांकडून, सहकाऱ्यांकडून, एका वकिलांकडूनसुद्धा ऐकले. त्यात तथ्य आहे, आणि त्याची चेष्टा करण्याची माझी इच्छा नाही. शहरे ज्या वेगाने पसरली त्या वेगाने विकास आराखडे झाले नाहीत. मध्यमवर्गाला परवडेल असे अधिकृत घर नोकरीच्या ठिकाणापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर ढकलले गेले. रीतसर परवानगी काढणाऱ्याला विकास शुल्क, कामगार उपकर, वास्तुविशारदाची फी आणि खेपा हे सगळे सोसावे लागते. न काढणाऱ्याला बहुधा काहीच सोसावे लागत नाही, आणि अधूनमधून शासन कट-ऑफ तारीख पुढे सरकवून त्याला मार्ग मोकळा करून देते. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांवरची घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या घरांसाठी. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. त्यामागे हजारो गरीब कुटुंबांची खरी निकड होती हे मान्यच करायला हवे. पण ज्याने नियम पाळला त्याला या सगळ्यातून काय संदेश जातो, याचा विचार करणारा आवाज मला कुठे ऐकू येत नाही.

आणि जे सावध होते तेही वाचले नाहीत. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. तिथल्या खरेदीदारांनी रेराचा क्रमांक पाहिला होता, म्हणजे त्यांना जे करायला सांगितले होते ते त्यांनी केले होते. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचा पाडकामाचा आदेश त्यांच्याच दारात आला. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावर संसार मांडून बसलेल्या बायका दूरदर्शनवर दिसत होत्या. त्या जमिनीवर आरक्षण होते हे त्यांना घर विकणाऱ्यांना ठाऊक असावे; त्यांना ते कोणी सांगितले नव्हते. अशा वेळी ‘कागद बघायला नको का?’ असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कागद बघायचा कुठे, खरा कसा ओळखायचा, आणि बघू देणार कोण, हे प्रश्न घर घेणाऱ्या माणसावर एकट्यावर टाकणे क्रूरपणाचे आहे.

काकांचा मजला नियमित करून घेता येईल का, हे आम्ही मनापासून शोधले. १९६६ च्या नगररचना अधिनियमात झालेले बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. ते नियमांच्या चौकटीत बसत असेल तर प्रशमन शुल्क, म्हणजे एक प्रकारचे दंडवजा शुल्क, भरून मंजुरी मिळू शकते. सध्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पूर्वीपेक्षा अधिक चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या मानाने एकूण किती बांधता येते ते) मिळते, त्यामुळे वरच्या मजल्याला आशा होती. वास्तुविशारदाने कागदपत्रे चाळली आणि पहिलाच अडसर असा निघाला, की वसाहतीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, कधी झालेलेच नव्हते. घरे काकांसारख्यांच्या नावावर होती. जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालक. त्यामुळे जादा चटई क्षेत्र कोणाच्या हक्काचे, अर्जावर सही कोणाची, हेच ठरत नव्हते. आधी सोसायटीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे जमीनमालक पुढे आला नाही तरी सरकारी आदेशाने होणारे हस्तांतरण, करून घ्यायचे, मग सर्व सदस्यांनी आपापसात क्षेत्र वाटून घ्यायचे, मग काकांनी पायाची तपासणी करून अर्ज करायचा. आणि एवढे करूनही बाजूचे स्वयंपाकघर वाचणार नव्हते. आग लागली तर बंब आणि माणसे जायला म्हणून जे अंतर सोडायचे, त्यात बांधलेली भिंत शुल्क भरून नियमित होत नाही. ती पाडावीच लागणार होती.

मी काकांना हे सांगायला गेले, तेव्हा काकू त्याच स्वयंपाकघरात होत्या. काका म्हणाले, ‘तुमचं चुकत नाही. पण आता या वयात मी सोसायटीच्या मीटिंगा घेऊ का? आणि शेजारचे म्हणतील, तुझं घर विकायचंय म्हणून आमच्या मागे नोटिसा लावतोस.’ हे दुसरे कारण पहिल्यापेक्षा खरे होते. ज्या वसाहतीत इतरांनीही मजले चढवले आहेत, तिथे एकाने नियमाने जाणे हे बाकीच्यांना धोक्यात आणणे ठरते. सज्जन माणसेसुद्धा मग एकमेकांना गप्प राहायला भाग पाडतात. आम्ही त्यांना सांगितले, की मंजूर भागाची योग्य किंमत आम्ही चेकने द्यायला तयार आहोत, आणि बाकीचे पाडायचे की नियमित करायचे ते आमच्या जबाबदारीवर पाहू. ती रक्कम त्यांना परवडणारी नव्हती, आणि ती परवडत नाही याचा त्यांना संकोचही वाटत होता. काही महिन्यांनी ते घर एजंटच्या रीतीने विकले गेले. ज्या कुटुंबाने ते घेतले त्यांना लहान मुले आहेत असे कळले.

आम्ही नंतर एका जुन्या सोसायटीत, भोगवटा प्रमाणपत्र असलेला, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तिथे टेकडी दिसत नाही. मंजूर नकाशाची सत्यप्रत आम्ही संबंधित कार्यालयात रीतसर अर्ज करून स्वतः काढून आणली, कारण विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स आणि कचेरीतला मूळ नकाशा एकच आहे हे पडताळण्याचा तोच एक मार्ग आहे. नकाशा हातात आल्यावर आम्ही टेप घेऊन एकेक खोली मोजली. बाल्कनी आत घेतलेली नव्हती, भिंती जागच्या जागी होत्या. दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्क भरले. पुण्यात ते सात टक्के असते, आणि घर माझ्या एकटीच्या नावावर घेतल्यामुळे महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळाली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आमचे अंगठे घेतले गेले, छायाचित्रे काढली गेली, आधारशी पडताळणी झाली, साक्षीदारांची ओळख तपासली गेली. माणसे खरी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी यंत्रे होती. इमारत खरी आहे की नाही, हे विचारणारा एकही रकाना त्या संगणकाच्या पडद्यावर नव्हता.

तो रकाना असायला हवा, असे माझे आग्रहाचे मत आहे. राज्यातला कोणताही सातबारा आज कोणालाही मोबाइलवर पाहता येतो; गट क्रमांक टाकला की जमिनीचा मालक, तिच्यावरचा बोजा, फेरफार, सगळे समोर येते. जमिनीच्या बाबतीत जे शक्य झाले, ते तिच्यावरच्या घराच्या बाबतीत का होऊ नये? बांधकाम परवानगीचा क्रमांक, मंजूर मजल्यांची संख्या आणि भोगवटा प्रमाणपत्राची तारीख या तीन गोष्टी त्या त्या प्राधिकरणाने जाहीर नोंदीत ठेवाव्यात, आणि दस्त नोंदताना त्या आपोआप सूची क्रमांक दोनवर उमटाव्यात; परवानगी नसेल, तर ‘नोंद आढळली नाही’ एवढे तरी छापून यावे. व्यवहार त्यामुळे अडवू नये. ज्याला जाणूनबुजून तसे घर घ्यायचे आहे त्याने घ्यावे. पण आम्ही न घेतलेल्या घरात आज जी मुले वाढत आहेत, त्यांच्या आईवडिलांना वरच्या मजल्याबद्दल कोणी सांगितले होते की नाही हे मला माहीत नाही, आणि सात टक्के शुल्क घेणाऱ्या शासनाने ते त्यांना सांगितले नाही, एवढे मला माहीत आहे.